मानमोडीचं वर्ष

माण तालुक्यातल्या आमच्या गावात जुनी माणसं वय सांगताना सन सांगत नसत. कुणी प्लेगात जन्मलेला, कुणाचं लगीन मानमोडीच्या आदल्या साली झालेलं, अशी त्यांची कालगणना. प्लेग मला शाळेच्या पुस्तकात भेटला. रँड, चाफेकर बंधू, सगळं पाठ होतं. मानमोडी पुस्तकात नव्हती. ती आजीच्या तोंडी होती, आणि घरात कुणी शिंकलं, अंग मोडून आलंय म्हणालं की बाहेर यायची.

मानमोडी म्हणजे 1918 सालचा इन्फ्लुएन्झा. मान, कंबर, पिंढऱ्या ठणकायच्या, मान वर उचलवायची नाही. मुंबईत तो जूनमध्ये उतरला. 10 जूनला सात पोलीस शिपाई तापानं दवाखान्यात दाखल झाले. ती लाट तशी सौम्य होती. सप्टेंबरात आली ती खरी. 6 ऑक्टोबर या एका दिवसात मुंबईत 768 मृत्यू नोंदले गेले. गिरण्यांत सातारा आणि रत्नागिरीकडची माणसं भरलेली. ती गावाकडं निघाली. कोरेगावला आगगाडीतून उतरायचं आणि पुसेगाववरून पायी नाहीतर बैलगाडीनं घर गाठायचं. ताप त्यांच्या बोचक्याबरोबर आला.

त्यात त्या साली पाऊस नव्हता. आमच्याकडं तो कधीच धड नसतो, पण त्या वर्षी देशभर ओढ दिली. देशात किती माणसं गेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. 1921 ची शिरगणती झाली तेव्हा आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या 1911 च्या 25.21 कोटींवरून 25.13 कोटींवर आली होती. दहा वर्षांत माणसं वाढायच्या ऐवजी घटली. त्यानंतरच्या एकाही दशकात असं झालं नाही.

प्लेगात सरकार घराघरात घुसलं होतं. मानमोडीत ते खेड्यात फिरकलंच नाही. बरेचसे डॉक्टर महायुद्धावर. आणि आले असते तरी देणार काय? माणसातला या रोगाचा विषाणू सापडला 1933 साली. तापावर न्यूमोनिया चढायचा आणि माणूस बहुधा त्यानं जायचा. त्यावरचं पेनिसिलिन हाती यायला आणखी पाव शतक होतं. म्हणजे कलेक्टरच्या बंगल्यात काय आणि आमच्या आळीत काय, उपचार एकच: अंथरूण, पाणी, पातळ अन्न आणि ते देणारा हात. बंगल्यात हात पुष्कळ होते, एवढाच फरक. पण तो फार मोठा फरक होता.

आजी तेव्हा दहा वर्षांची, माहेरी. मुंबईहून आलेला चुलता पहिला पडला, मग एकेक करत घरातली नऊ माणसं. उभ्या राहिल्या दोघीच, आजी आणि तिची आई. आई विहिरीचं पाणी शेंदून आणायची, ते उकळायची, रात्रभर एकेकाच्या कपाळावर ओलं फडकं बदलत बसायची. कणगीच्या तळाला हुलगे होते. ते भाजून, जात्यावर भरडून, लसूण-मीठ घालून त्याचं पातळ माडगं करायची आणि नऊ तोंडांत वाटीवाटीनं घालायची. शेजारी सगळं घरच झोपलेलं, तर कुडावरून तिकडंही एक तांब्या जायचा. आठव्या दिवशी ती चुलीपुढंच लवंडली. अकराव्या दिवशी गेली. नऊपैकी सात जण वाचले.

आजी ही गोष्ट रडून सांगत नसे. लसूण सोलता सोलता सांगायची. ‘‘आयनं समद्यांचं केलं. आयचं कुनी केलं न्हाई.’’ आणि मग पुढचा लसूण.

हे एका घरातलंच नव्हतं. वीस ते चाळीस वयाच्या बायका पुरुषांपेक्षा जास्त मेल्या, हे त्या वेळच्या सरकारी अहवालांतही आलेलं आहे. आजीला अहवाल ठाऊक नव्हते. शेवटी जेवणारी आणि शेवटी झोपणारी बाई आजाऱ्यांत दिवसरात्र वावरली तर तिचं काय होणार, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून तिच्या घरात कायदा होता: दुखणाईताजवळ बसणाऱ्यानं आधी जेवायचं, आणि तिसऱ्या दिवशी माणूस बदलायचा. दुखणाईताचा तांब्या वेगळा, त्याची वाकळ वेगळी, आणि तो उंबऱ्याशी, वारा येईल तिथं.

औषधं म्हणाल तर सगळ्यांच्या घरात असतात तीच. गवती चहा, आलं, तुळस यांचा काढा. तव्यावर गरम केलेल्या ओव्याच्या पुरचुंडीचा छातीला शेक. सहाणेवर उगाळलेल्या सुंठीचा कपाळाला लेप. पुढं अमृतांजनाची पिवळी बाटली फळीवर आली. ते 1893 साली मुंबईतच निघालेलं, पण आमच्यापर्यंत यायला त्याला वेळ लागला. यातल्या कशानंही विषाणू मरत नाही. घसा मऊ पडतो, नाक सुटतं, डोळा लागतो. आणि साध्या पडशाला तेवढं पुरतं. लहान मुलांना मात्र शेगडीवरची धुरी देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. धुरानं कोवळी छाती बरी होत नाही, बिघडते. उकळत्या पाण्याचं पातेलं पोराच्या पुढ्यात ठेवून वाफ देणं तर त्याहून वाईट. भाजलेली पोरं पाहिली आहेत. वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं चाटणही नको.

आजीचा आणखी एक ठोकताळा होता आणि आजचे डॉक्टरही तेच सांगतात. उतरलेला ताप दोन दिवसांनी पुन्हा चढला, बसल्या जागी धाप लागली, ओठ काळेनिळे दिसले, तर काढा बाजूला ठेवून गाडी जुंपायची. बैलगाडी जाऊन एसटी आली तरी हे वाक्य तिनं बदललं नाही.

2009 साली पुण्यात स्वाइन फ्लूनं देशातला पहिला बळी घेतला, तेव्हा शिकलेली माणसं रुमालात कापूर-वेलची बांधून हुंगत फिरत होती. आजी नव्हती. असती तर तिनं आधी विचारलं असतं, रात्री उशाशी कोण बसतंय?

तिच्या कायद्याचा एक परिणाम असा की आमच्या घरातल्या पुरुषांना चूल पेटवता यायची. आईला एकदा थंडीतापानं गाठलं तेव्हा वडिलांनी पाच दिवस स्वयंपाक केला. भावकीतले लोक दारातनं डोकावून हसायचे. वडील वर बघायचे नाहीत. माडगं चांगलं करायचे, फक्त लसूण जरा जास्त घालायचे.