फुंकर

‘प्रेरणा’ हा शब्द हल्ली सत्कारसमारंभातील हारासारखा झाला आहे. जो येईल त्याच्या गळ्यात पडतो. पण शब्दांनाही कुळकथा असते, आणि ती उलगडू लागले की मोठी मौज दिसते.

‘प्रेरणा’ ज्या ‘ईर्’ धातूवरून आली, त्याचा अर्थ हलणे, चालू लागणे. तेव्हा प्रेरणा म्हणजे पुढे लोटणे. ऋग्वेदातील गायत्री मंत्राचे अखेरचे पद ‘प्रचोदयात्’ हेही चालना मागणारेच. आणि ज्या सवित्याकडे हे मागणे आहे, त्याच्या नावाचा अर्थही चालना देणारा असाच.

रोमन लोकांनी श्वासाची उपमा घेतली. लॅटिनमधील ‘इन्स्पिरारे’ म्हणजे आत श्वास फुंकणे. इंग्रजी ‘इन्स्पायर’ हे त्याचेच लेकरू. ग्रीकांचा ‘एन्थूसिआस्मोस’ म्हणजे अंगात देव येणे. आपल्याकडे जागरण-गोंधळाला बसलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागणार नाही! सुमारे २४०० वर्षांपूर्वी प्लेटोने ‘आयॉन’ या संवादात लोहचुंबकाचा दाखला दिला. चुंबकाला कडी चिकटते, त्या कडीला दुसरी. तशी देवता कवीला, कवी गायकाला आणि गायक श्रोत्यांना ओढून घेतो. अरबीतील ‘इल्हाम’चा धातू गिळण्याचा आहे, जणू ईश्वराने घास भरवला. चिनी भाषेतील या अर्थाच्या एका शब्दात दोन चित्राक्षरे आहेत: एक ढोलाचे, दुसरे नाचाचे.

कोणी ढकलतो, कोणी फुंकतो, कोणी भरवतो. या सर्वांत देणारा कोणी दुसराच असतो. मराठीने मात्र संस्कृतातून आलेले ‘स्फुरणे’ही जपले आहे. त्याच्या मुळाशी थरथरणे, लवलवणे आहे. ‘मला ओळ स्फुरली’ असे आपण म्हणतो. तेथे ओळच कर्ता होऊन बसते, ढकलणारा कोणी उरत नाही.

रोज वर्गात उभा राहणाऱ्या मला हा भेद नुसता शब्दांचा वाटत नाही. मुलाला ढकलीत नेता येते. पण हात काढला की गाडी जागीच थांबते. म्हणून मला आपला घरगुती ‘चेतवणे’ हा शब्द अधिक भावतो. तो चुलीपाशी वाढला आहे. राखेखाली निखारा असेल तरच फुंकर लागू पडते, आणि ती जोराने घातली तर राख डोळ्यांत जाते. निखारा मुलाचा असतो. मास्तराची फुंकर तेवढी.