सुधारित सांबा मसुरी
सुधारित सांबा मसुरी (आरपी बायो २२६) हा जिवाणूजन्य कडा करपा रोगास प्रतिकारक असलेला भाताचा भारतीय वाण आहे. हैदराबाद येथील पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्र (सीसीएमबी) आणि भात संशोधन संचालनालय (सध्याची भारतीय भात संशोधन संस्था) यांनी तो संयुक्तपणे विकसित केला. २००८ मध्ये तो लागवडीसाठी प्रसारित झाला.

बापटला (आंध्र प्रदेश) येथे निर्माण झालेला मूळ वाण, सांबा मसुरी (बीपीटी ५२०४), बारीक दाण्यासाठी लोकप्रिय असला तरी या रोगास सहज बळी पडतो. झँथोमोनास ओरायझी हा जिवाणू पानांतील जलवाहिन्यांत वाढतो व पाने कडांपासून वाळू लागतात. फवारणीने खात्रीशीर नियंत्रण होत नसल्याने प्रतिकारक वाण हाच मुख्य उपाय ठरतो.

या वाणात एक्सए२१, एक्सए१३ व एक्सए५ ही तीन जनुके एकत्र आणली आहेत. त्यांपैकी एक्सए२१ मूळचे ओरायझा लाँगिस्टॅमिनाटा या आफ्रिकेतील रानभातातील आहे. एकाच जनुकाचा प्रतिकार जिवाणूचे नवे प्रकार मोडून काढू शकतात. तिन्हींवर एकाच वेळी मात करणे त्यांना अवघड जाते. सांबा मसुरीशी वारंवार प्रतिसंकरण करून, प्रत्येक पिढीत रेणवीय चिन्हकांच्या साहाय्याने रोपे निवडल्यामुळे मूळ दाण्याची प्रत टिकून राहिली. ही पद्धत संकरणावर आधारित असल्याने हा वाण जनुकपरिवर्तित पिकांत मोडत नाही.