एमिलिओ पुजोल

एमिलिओ पुजोल विलारुबी (७ एप्रिल १८८६ – १५ नोव्हेंबर १९८०) हे स्पेनमधील कातालोनिया प्रांतातील गिटारवादक, संगीतरचनाकार, अध्यापक आणि संगीतसंशोधक होते. कातालान भाषेत त्यांच्या आडनावाचा उच्चार ‘पुझॉल’च्या जवळ जाणारा आहे. फ्रान्सिस्को तार्रेगा यांच्या वादनपद्धतीची शास्त्रशुद्ध मांडणी करणारे शिष्य आणि सोळाव्या शतकातील ‘विउएला’ या विस्मृतीत गेलेल्या स्पॅनिश तंतुवाद्याचे पुनरुज्जीवन करणारे अभ्यासक अशी त्यांची दुहेरी ओळख आहे. लिस्बन येथील राष्ट्रीय संगीत महाविद्यालयात त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ अध्यापन केले.

विसाव्या शतकाच्या आरंभी गिटार हे युरोपात प्रामुख्याने लोकसंगीताचे व घरगुती करमणुकीचे वाद्य मानले जात असे. संगीत महाविद्यालयांत त्याला पियानो किंवा व्हायोलिनसारखे स्थान नव्हते. ते मिळवून देण्याचे काम मैफलीच्या रंगमंचावर आंद्रेस सेगोव्हिया यांनी केले, तर ग्रंथालयात आणि वर्गात ते पुजोल यांनी केले, असे स्थूलमानाने म्हणता येते.

जन्म आणि शिक्षण

पुजोल यांचा जन्म लेरिदा शहराजवळील ला ग्रानादेल्या या गावी झाला. बालपणी ते बांदुर्रिया हे मेंडोलिनसारखे छोटे तंतुवाद्य वाजवीत. किशोरवयात, १९०२ च्या सुमारास, बार्सेलोना येथे ते तार्रेगा यांचे शिष्य झाले. तार्रेगा (१८५२–१९०९) हे त्या काळातील स्पेनचे अग्रगण्य गिटारवादक होते. ‘रेकुएर्दोस दे ला आल्हाम्ब्रा’ ही त्यांची रचना आज जगभरातील गिटारवादकांच्या अभ्यासात असते. मिगेल ल्योबेत हे पुजोल यांचे ज्येष्ठ गुरुबंधू होत.

पुजोल तार्रेगांकडे आले तो काळ महत्त्वाचा होता. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात तार्रेगांनी उजव्या हाताची नखे कापून टाकली होती आणि केवळ बोटांच्या मांसल टोकांनी तारा छेडण्यास आरंभ केला होता. पुजोल यांना गुरूकडून मिळाली ती ही बदललेली पद्धत, आणि तीच त्यांनी आयुष्यभर जपली. तार्रेगांनी आपल्या पद्धतीविषयी कोणताही शिक्षणग्रंथ लिहिला नव्हता. त्यांचे ज्ञान शिष्यांच्या हातांत आणि स्मरणात होते. गुरूच्या निधनानंतर ते लिखित रूपात आणण्याची जबाबदारी पुजोल यांनी स्वीकारली. पुढे माद्रिद येथे त्यांनी संगीतशास्त्राचेही शिक्षण घेतले.

पॅरिसमधील काळ

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पुजोल यांनी दक्षिण अमेरिकेचा दौरा केला. त्यानंतर त्यांचे कार्यक्षेत्र मुख्यतः पॅरिस झाले. क्लोद दब्युसी यांच्या स्मरणार्थ मान्युएल दे फाल्या यांनी १९२० मध्ये गिटारसाठी एक छोटी रचना लिहिली होती. ती पुजोल यांनी १९२२ मध्ये पॅरिस येथे गिटारवर सादर केली. गिटारवादक नसलेल्या एका थोर रचनाकाराने या वाद्यासाठी लिहिलेली ती रचना असल्याने आधुनिक गिटारसंगीताच्या इतिहासात तिला विशेष स्थान आहे.

१९२३ मध्ये त्यांचा विवाह माटिल्दे कुएर्वास यांच्याशी झाला. त्या अंदालुसियातील फ्लामेन्को शैलीच्या गिटारवादक होत्या. पती-पत्नींनी दोन गिटारांच्या सहवादनाचे अनेक कार्यक्रम केले. त्यासाठी पुजोल यांनी आल्बेनिस, ग्रानादोस, फाल्या आदींच्या रचनांची दोन गिटारांसाठी रूपांतरे केली. माटिल्दे यांचे १९५६ मध्ये निधन झाले. १९६३ मध्ये पुजोल यांनी पोर्तुगीज कलावंत मारिया आदेलाइद रोबेर्त यांच्याशी विवाह केला.

पॅरिस व अन्य शहरांतील ग्रंथालयांत आणि वस्तुसंग्रहालयांत त्यांनी गिटारच्या पूर्वेतिहासाचा शोध घेतला. पॅरिस संगीत महाविद्यालयाच्या बृहद् संगीतकोशासाठी त्यांनी ‘गिटार’ हा विस्तृत लेख लिहिला. १९२० च्या दशकातच माक्स एशिग या प्रकाशनसंस्थेमार्फत त्यांच्या संपादनाखाली जुन्या व नव्या गिटारसंगीताची एक माला सुरू झाली. गास्पार सान्स, रोबेर द विझे यांसारख्या सतराव्या शतकातील वादक-रचनाकारांच्या कृती या मालेमुळे सामान्य विद्यार्थ्याच्या हाती आल्या.

विउएला आणि तिचे संगीत

विउएला हे सोळाव्या शतकात स्पेनच्या दरबारी व सुशिक्षित वर्गात प्रतिष्ठा पावलेले वाद्य होय. तिचा आकार गिटारसारखा असला, तरी तारांची जुळवणी ल्यूट या वाद्यासारखी असे. तिला साधारणपणे सहा जोडतारा असत. गिटारची तिसरी तार अर्ध्या स्वराने उतरवली, की तारांमधील अंतरे विउएलासारखी होतात. त्यामुळे हे संगीत आजच्या गिटारवरही वाजवता येते.

विउएलासाठी छापलेले सात ग्रंथ आज उपलब्ध आहेत. लुईस मिलान (१५३६), लुईस दे नार्वाएस (१५३८), आलोन्सो मुदार्रा (१५४६), एन्रिकेस दे वाल्देर्राबानो (१५४७), दिएगो पिसादोर (१५५२), मिगेल दे फुएन्याना (१५५४) आणि एस्तेबान दासा (१५७६) हे त्यांचे कर्ते होत. सोळावे शतक संपता संपता विउएला मागे पडली आणि हे ग्रंथ ग्रंथालयांत पडून राहिले. पुजोल यांच्या आधी गिएर्मो मोर्फी यांनी या संगीताचे लिप्यंतर केले होते. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९०२ मध्ये प्रकाशित झाले. तथापि ते वादकाने केलेले काम नव्हते.

येथे वादकाचे ज्ञान का आवश्यक होते, हे समजण्यासाठी ‘टॅब्लेचर’ या लिपीची माहिती असावी लागते. या लिपीत स्वरांची नावे किंवा स्थाने लिहिलेली नसतात. सहा आडव्या रेषा या सहा जोडतारा दर्शवतात आणि रेषेवरील अंक कोणत्या पडद्यावर बोट ठेवावे हे सांगतो. शून्य म्हणजे मोकळी तार. कालमापनाच्या खुणा वरच्या बाजूस असतात. बहुतेक ग्रंथांत सर्वांत वरची रेषा ही सर्वांत खर्जातील तार असते. मिलान यांच्या ग्रंथात मात्र हा क्रम उलटा आहे.

या लिपीत स्वर केव्हा छेडावा हे कळते, परंतु तो किती काळ टिकवावा हे कळत नाही. विउएलाचे संगीत एकाच वेळी दोन, तीन किंवा चार स्वररेषा गुंफणारे असल्यामुळे, कोणता स्वर कोणत्या रेषेचा आणि तो पुढील स्वरापर्यंत धरून ठेवावयाचा की सोडावयाचा, हे संपादकाला ठरवावे लागते. कागदावर सुंदर दिसणारे लिप्यंतर डाव्या हाताच्या बोटांना अशक्य असू शकते. पुजोल यांच्या संपादनांचे मोल येथे आहे. हे काम करणारा संशोधक स्वतः ते वाजवू शकत होता.

बार्सेलोना येथे १९४३ मध्ये स्थापन झालेल्या स्पॅनिश संगीतशास्त्र संस्थेच्या ‘मोनुमेन्तोस दे ला मुसिका एस्पान्योला’ या ग्रंथमालेत पुजोल यांनी संपादित केलेले नार्वाएस (१९४५), मुदार्रा (१९४९) आणि वाल्देर्राबानो (१९६५) यांचे ग्रंथ प्रसिद्ध झाले. नार्वाएस यांच्या ग्रंथात एकाच सुरावटीवर रचलेल्या रूपभेदांचे, म्हणजे ‘दिफेरेन्सियास’चे, फार जुने छापील नमुने आहेत. मुदार्रा यांच्या ग्रंथात चार जोडतारांच्या गिटारसाठी लिहिलेल्या काही रचना आहेत. गिटारसाठी छापलेले ते सर्वांत जुने ज्ञात संगीत होय. याच ग्रंथातील हार्पवादनाचे अनुकरण करणाऱ्या ‘फांतासिया’च्या शेवटी काही स्वर विसंवादी वाटतात. नीट वाजवल्यास ते वाईट वाटणार नाहीत, अशी सूचना खुद्द मुदार्रा यांनी दिली आहे. जुन्या ग्रंथात आढळणारा प्रत्येक विसंवाद हा मुद्रणदोष समजून ‘सुधारू’ नये, हा धडा त्यातून संपादकांना मिळतो.

प्रत्यक्ष वाद्याचा शोध

जुने संगीत वाचणे आणि ते मूळ वाद्यावर ऐकणे यांत अंतर आहे. पॅरिसमधील झाकमार-आंद्रे संग्रहालयात असलेले एक वाद्य हे विउएला असल्याचे पुजोल यांनी ओळखले. त्यावरून बार्सेलोना येथील वाद्यनिर्माते मिगेल सिंप्लिसिओ यांनी नवीन वाद्य तयार केले. एप्रिल १९३६ मध्ये बार्सेलोना येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय संगीतशास्त्र परिषदेत पुजोल यांनी ते वाजवले. गायिका कोन्चिता बादिया यांनी त्यांच्या साथीने सोळाव्या शतकातील गीते गायिली. सुमारे साडेतीन शतकांच्या खंडानंतर विउएलाचा आवाज अशा रीतीने पुन्हा जाहीर सभेत ऐकू आला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, जुलै १९३६ मध्ये, स्पेनमध्ये यादवी युद्धाला तोंड फुटले.

हे वाद्य आकाराने बरेच मोठे आहे. ते त्या काळातील सर्वसाधारण विउएलाचे प्रतिनिधी मानावे की नाही, याविषयी नंतरच्या अभ्यासकांत मतभेद झाले. पुढे आणखी वाद्ये उजेडात आल्यावर आजचे कारागीर लहान आकाराच्या विउएलाही बनवतात. तरीही ‘हे संगीत त्याच्या स्वतःच्या वाद्यावर वाजले पाहिजे’ हा आग्रह गिटारवादकांत रुजवण्याचे श्रेय पुजोल यांना दिले जाते.

ग्रंथलेखन

‘एस्कुएला रासोनादा दे ला गितारा’ (गिटारचे सकारण शिक्षण) हा पुजोल यांचा प्रमुख शिक्षणग्रंथ होय. त्याचे पहिले दोन खंड १९३० च्या दशकात, तिसरा १९५४ मध्ये आणि चौथा १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या खंडाला फाल्या यांचे प्रास्ताविक पत्र लाभले आहे. वाद्याची रचना, तारा, बसण्याची पद्धत आणि दोन्ही हातांची तत्त्वे यांपासून पुढे क्रमाक्रमाने अवघड होत जाणारे पाठ अशी त्याची मांडणी आहे. ग्रंथाच्या नावातील ‘सकारण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बोट असे का ठेवावे, याचे उत्तर विद्यार्थ्याला मिळाले पाहिजे, ही त्यामागील भूमिका होय.

‘एल दिलेमा देल सोनिदो एन ला गितारा’ (गिटारवरील नादाचा पेच) या छोट्या पुस्तकात त्यांनी नखांचा वाद हाताळला आहे. सतारवादक तर्जनीवर तारेची नखी चढवतो. स्पॅनिश गिटारवर असे साधन वापरत नाहीत, वादकाचे बोट हेच साधन असते. नखाने छेडलेला स्वर तेजस्वी, धारदार व लांबवर पोहोचणारा असतो. बोटाच्या मांसल टोकाने छेडलेला स्वर गोलसर, भरीव व मृदू असतो, पण त्याचा आवाज कमी पडतो. हा वाद एकोणिसाव्या शतकापासूनचा आहे. फेर्नान्दो सोर नखांशिवाय वाजवीत, तर दिओनिसिओ आग्वादो नखांनी. तरी दोघे मित्र होते आणि पॅरिसमध्ये एकत्र वाजवीत. पुजोल यांनी दोन्ही बाजूंची परंपरा व गुण मांडले असले, तरी त्यांचा स्वतःचा कौल नखविरहित वादनाला होता.

या प्रश्नात त्यांचा पक्ष मागे पडला. सभागृहे मोठी होत गेली, सेगोव्हियांचे नख आणि मांस यांचा मेळ घालणारे वादन आदर्श ठरले आणि १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तातीच्या तारांची जागा नायलॉनने घेतली. आज बहुतेक अभिजात गिटारवादक नखे राखतात. मात्र ल्यूट व विउएला वाजवणारे अनेक कलावंत मांसल टोकांनीच वाजवतात.

१९६० मध्ये लिस्बन येथे पुजोल यांनी लिहिलेले तार्रेगांचे चरित्र प्रसिद्ध झाले. शिष्याने लिहिलेले असल्यामुळे त्यात भक्तिभाव आहे, परंतु प्रत्यक्ष सहवासातून आलेल्या माहितीमुळे ते अभ्यासकांना आजही पाहावे लागते.

अध्यापन

१९४६ ते १९६९ या काळात पुजोल लिस्बनच्या राष्ट्रीय संगीत महाविद्यालयात गिटारचे अध्यापक होते. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून काही वर्षे त्यांनी इटलीतील सिएना येथील कीजाना अकादमीतही शिकवले. १९६५ पासून सुमारे दहा वर्षे त्यांनी कातालोनियात गिटार, ल्यूट व विउएला यांचे आंतरराष्ट्रीय उन्हाळी वर्ग चालवले. हे वर्ग पुढे सेर्वेरा या गावी भरत. पॅरिसच्या एकोल नोर्मालमध्ये पुढे अध्यापन करणारे आल्बेर्तो पोन्से आणि ल्यूट व विउएला यांचे ख्यातनाम वादक हॉपकिन्सन स्मिथ यांनी त्यांच्याकडे शिक्षण घेतले.

संगीतरचना

पुजोल यांनी गिटारसाठी शंभरहून अधिक रचना केल्या. ‘तोनादिया’, ‘तांगो’ आणि ‘ग्वाहिरा’ या तीन स्पॅनिश रचना, ‘सेविया’ ही त्या शहराची आठवण जागवणारी रचना आणि ‘एल आबेहोर्रो’ (भुंगा) हा अभ्यासपाठ विशेष लोकप्रिय आहेत. ‘भुंगा’मध्ये उजव्या हाताची बोटे अखंड फिरत राहून गुंजारव निर्माण करतात आणि त्याखालून सुरावट सरकते. त्यांच्या अनेक रचना अशाच तंत्राच्या एखाद्या प्रश्नातून जन्मलेल्या आहेत. त्यांत स्पॅनिश लोकलयींचा वापर असून विसाव्या शतकातील नव्या स्वरप्रयोगांपासून त्या दूर राहिल्या.

मूल्यमापन

जाहीर मैफलींचा कलावंत म्हणून पुजोल यांना सेगोव्हियांइतकी कीर्ती मिळाली नाही, आणि नादाविषयीचे त्यांचे मत बहुसंख्यांनी स्वीकारले नाही. त्यांच्या संपादनांची जागाही काही अंशी नव्या संपादनांनी घेतली आहे. तथापि गिटारला स्वतःचा चार शतकांचा छापील वारसा आहे आणि तो अभ्यासण्याची शिस्त असते, ही जाणीव त्यांच्या कार्यातून दृढ झाली. आज संगीत महाविद्यालयांत गिटारच्या विद्यार्थ्याला नार्वाएस आणि मुदार्रा यांच्या रचना शिकवल्या जातात. हे संगीत ग्रंथालयातून वर्गापर्यंत आणणाऱ्यांत पुजोल अग्रभागी होते. १५ नोव्हेंबर १९८० रोजी बार्सेलोना येथे वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.