शस्त्रक्रियेच्या व्रणातून उद्भवणारा हर्निया : कारणे, लक्षणे आणि उपचार

पोटावरील शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडते, टाके काढले जातात आणि रुग्ण आपल्या दैनंदिन कामाला लागतो. त्यानंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, जुन्या व्रणाच्या जागी एक मऊ फुगवटा दिसू लागतो. उभे राहिल्यावर किंवा खोकल्यावर तो वाढतो आणि आडवे झाल्यावर नाहीसा होतो. अनेक जण याला चरबी किंवा वायू समजून त्याकडे दुर्लक्ष करतात. वैद्यकशास्त्रात या विकारास ‘इन्सिजनल हर्निया’, म्हणजेच शस्त्रक्रियेच्या छेदाच्या जागी होणारा हर्निया अथवा अंतर्गळ, असे म्हणतात. तो आपोआप बरा होत नाही. मात्र वेळीच निदान झाल्यास त्यावर नियोजनपूर्वक आणि परिणामकारक उपचार करता येतात.

हर्निया म्हणजे काय?

उदरपोकळीतील आतडी व अन्य अवयव पोटाच्या भित्तिकेमुळे जागच्या जागी राहतात. ही भित्तिका त्वचा, चरबी, स्नायू आणि स्नायूंवरील चिवट, तंतुमय आवरण अशा थरांची बनलेली असते. तिचे खरे बळ या तंतुमय आवरणात असते. छातीच्या खालच्या टोकापासून जांघेच्या हाडापर्यंत, पोटाच्या मधोमध, दोन्ही बाजूंची आवरणे एकत्र येऊन एक पांढरी उभी पट्टी तयार होते. पोट उघडण्यासाठी शल्यचिकित्सक बहुधा याच मध्यरेषेवर छेद घेतात, कारण तेथून पोटातील सर्व भागांपर्यंत लवकर पोहोचता येते आणि रक्तस्रावही कमी होतो.

शस्त्रक्रियेनंतर हा थर टाक्यांनी पुन्हा जोडला जातो. वरची त्वचा आठ-दहा दिवसांत भरून येते, परंतु आतील थराला बळकटी येण्यास पुष्कळ अधिक काळ लागतो. साधारण तीन आठवड्यांनी जखमेच्या जागी मूळ बळकटीचा जेमतेम पाचवा हिस्सा आलेला असतो, तर तीन महिन्यांनी ती सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोहोचते. मूळची संपूर्ण बळकटी त्या जागेस पुन्हा कधीच प्राप्त होत नाही. या काळात आतील जोड कोठे विलग झाला, तर त्वचा अखंड राहूनही तिच्याखाली फट निर्माण होते. पोटातील दाबामुळे उदरपोकळीचे अस्तर त्या फटीतून पिशवीसारखे बाहेर येते आणि त्यात चरबीचा पडदा किंवा आतड्याचा भाग उतरतो. हाच इन्सिजनल हर्निया होय.

प्रमाण किती?

मध्यरेषेवर छेद घेऊन केलेल्या शस्त्रक्रियांनंतर सर्वसाधारणपणे १० ते २० टक्के रुग्णांमध्ये हा विकार आढळतो. लठ्ठपणा किंवा जखमेत जंतुसंसर्ग यांसारखी कारणे असल्यास हे प्रमाण आणखी वाढते. बहुतेक हर्निया पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसून येतात, तथापि काही त्यानंतरही प्रकट होतात.

सिझेरियनसाठी ओटीपोटावर खालच्या बाजूस घेतल्या जाणाऱ्या आडव्या छेदात हर्नियाचा धोका बराच कमी असतो, तर बेंबीखालील उभ्या छेदात तो अधिक असतो. दुर्बिणीद्वारे केलेल्या शस्त्रक्रियेतील छिद्रे लहान असल्याने तेथे हर्नियाची शक्यता कमी असते, परंतु १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या छिद्रांच्या जागी, विशेषतः बेंबीजवळ, तो होऊ शकतो.

भारतात हा प्रश्न महिलांच्या आरोग्याशी जवळून निगडित आहे. राष्ट्रीय कौटुंबिक आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ या कालावधीतील पाचव्या फेरीनुसार देशातील २१.५ टक्के प्रसूती सिझेरियन पद्धतीने झाल्या. २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत हे प्रमाण १७.२ टक्के होते. कुटुंबनियोजन आणि गर्भाशयाच्या शस्त्रक्रियाही मोठ्या संख्येने होतात. त्यामुळे ओटीपोटावर एक किंवा अधिक व्रण असलेल्या महिलांची संख्या मोठी आहे. घरकाम, शेतकाम आणि पाण्याचे ओझे वाहताना होणारा त्रास अंगावर काढण्याची सवय, तसेच तपासणीबाबतचा संकोच, यांमुळे अनेक महिला हर्निया मोठा झाल्यावरच रुग्णालयात येतात.

कारणे

या विकाराची कारणे तीन प्रकारची आहेत. पहिला प्रकार जखमेशी संबंधित आहे. शस्त्रक्रियेनंतर जखमेत पू होणे हे सर्वांत महत्त्वाचे कारण मानले जाते. आतडे फुटणे किंवा अपघात यांसारख्या प्रसंगी तातडीने केलेल्या शस्त्रक्रिया, तसेच जुन्या व्रणावरच पुन्हा घेतलेला छेद, यांतही धोका वाढतो.

दुसरा प्रकार रुग्णाच्या प्रकृतीशी निगडित आहे. लठ्ठपणा, नियंत्रणाबाहेरचा मधुमेह, कुपोषण, रक्तक्षय, धूम्रपान आणि स्टिरॉइड औषधांचा दीर्घकाळ वापर यांमुळे जखम भरण्याची क्रिया मंदावते. जुनाट खोकला, दमा, बद्धकोष्ठता, पुरःस्थ ग्रंथीच्या वाढीमुळे लघवीस जोर करावा लागणे किंवा यकृताच्या विकारात पोटात पाणी होणे, या सर्वांमुळे पोटातील दाब वाढून टाक्यांवर ताण येतो.

तिसरे कारण म्हणजे पोट बंद करण्याची पद्धत. टाके आवरणाच्या कडेपासून किती अंतरावर आणि एकमेकांपासून किती अंतरावर घ्यावेत, याविषयी नेदरलँड्समधील १० रुग्णालयांत ५६० रुग्णांवर अभ्यास करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कडेपासून आणि एकमेकांपासून एक सेंटिमीटर अंतरावर मोठे टाके घेतलेल्या रुग्णांपैकी २१ टक्के जणांना वर्षभरात हर्निया झाला. पाच मिलिमीटर अंतराचे लहान टाके घेतलेल्या रुग्णांमध्ये हे प्रमाण १३ टक्के होते. लहान टाक्यांस वेळ थोडा अधिक लागतो, परंतु ताण समान वाटला जातो. वापरलेल्या धाग्याची लांबी जखमेच्या लांबीच्या किमान चौपट असावी, हा संकेतही आता सर्वमान्य आहे.

लक्षणे आणि धोक्याच्या खुणा

व्रणाजवळ येणारा व जाणारा फुगवटा हे प्रमुख लक्षण होय. त्यासोबत ओढल्यासारखी वेदना, जडपणा, कंबरदुखी किंवा जेवणानंतर अस्वस्थता जाणवते. कालांतराने फट रुंदावते आणि फुगवटा कायमचा राहतो. अतिशय मोठ्या हर्नियात वरील त्वचा पातळ होऊन तेथे जखमा होऊ शकतात.

हर्नियाच्या पिशवीत आतडे अडकून बसणे ही सर्वांत गंभीर गुंतागुंत आहे. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडल्यास ते काही तासांतच निकामी होऊ लागते. फुगवटा एकाएकी टणक होणे, आडवे झाल्यावरही आत न जाणे, तीव्र वेदना, वारंवार उलट्या, पोट फुगणे, शौच व वायू बंद होणे, त्या जागेची त्वचा लाल किंवा काळसर पडणे अथवा ताप येणे, यांपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास रुग्णास विनाविलंब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. अशा वेळी फुगवटा चोळणे, जोराने आत ढकलणे किंवा जुलाबाचे औषध देणे धोकादायक आहे. रुग्णास खाण्यापिण्यासही काही देऊ नये.

निदान

बहुतांश रुग्णांमध्ये केवळ तपासणीवरून निदान होते. रुग्णास उताणे झोपवून मान वर उचलण्यास किंवा खोकण्यास सांगितले असता स्नायू ताठ होतात आणि फट हाताला लागते. स्थूल रुग्णांमध्ये किंवा हर्निया लहान असल्यास सोनोग्राफी उपयुक्त ठरते. मोठ्या किंवा पुन्हा उद्भवलेल्या हर्नियात सीटी स्कॅनद्वारे फटीची रुंदी, स्नायूंची स्थिती आणि आतील अवयव यांची नेमकी कल्पना येते. युरोपियन हर्निया सोसायटीने २००९ मध्ये सुचविलेल्या वर्गीकरणानुसार ४ सेंटिमीटरपेक्षा कमी, ४ ते १० सेंटिमीटर आणि १० सेंटिमीटरहून अधिक, असे रुंदीचे तीन गट केले जातात. फट जितकी रुंद, तितकी शस्त्रक्रिया अधिक कठीण होते. यासाठीच दीर्घकाळ वाट पाहणे बहुधा रुग्णाच्या हिताचे नसते.

उपचार

हर्निया बरा करणारे कोणतेही औषध नाही. पोटाच्या पट्ट्याने आधार मिळतो व त्रास कमी होतो, परंतु फट बुजत नाही. शस्त्रक्रिया हाच निश्चित उपचार आहे. वृद्ध, गंभीर हृदयविकार असलेले किंवा फारसा त्रास नसलेले रुग्ण यांच्याबाबतीत मात्र लाभ आणि धोका यांचा विचार करून केवळ निरीक्षणाखाली ठेवण्याचा निर्णयही घेतला जातो.

पूर्वी फटीच्या दोन्ही कडा ओढून केवळ टाक्यांनी शिवल्या जात. ताणामुळे अशी शिवण पुन्हा उसवत असे. अमेरिकेतील शल्यचिकित्सक फ्रान्सिस अशर यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात कृत्रिम धाग्यांच्या जाळीचा वापर रूढ केला. जाळीच्या छिद्रांतून शरीरातील ऊती वाढतात आणि तेथे मजबूत थर तयार होतो. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात, तीन वर्षांच्या अखेरीस हर्निया पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण केवळ टाके घातलेल्या गटात ४३ टक्के, तर जाळी बसविलेल्या गटात २४ टक्के आढळले. त्याच रुग्णांच्या दीर्घकालीन पाहणीत, दहा वर्षांनंतर, हे प्रमाण अनुक्रमे ६३ आणि ३२ टक्के झाले. त्यामुळे अगदी लहान फटी वगळता जाळीचा वापर हाच आज प्रमाणभूत उपचार मानला जातो.

जाळी स्नायूंच्या वर, स्नायूंच्या मागे किंवा उदरपोकळीच्या आतून बसविता येते. शस्त्रक्रिया उघड्या छेदाने, दुर्बिणीद्वारे किंवा यंत्रमानवाच्या साह्याने करता येते. दुर्बिणीच्या पद्धतीत जखमेतील जंतुसंसर्गाचे प्रमाण कमी असते व रुग्ण लवकर घरी जातो. तथापि फार मोठ्या हर्नियात किंवा आतडी चिकटलेली असल्यास उघडी शस्त्रक्रिया अधिक योग्य ठरू शकते. अतिरुंद फट बंद करण्यासाठी स्नायूंचे थर एकमेकांपासून मोकळे करून मध्यरेषेकडे आणले जातात. जाळीचा जंतुसंसर्ग, पाणी साचणे, वेदना राहणे आणि हर्निया पुन्हा होणे, या शक्यतांची माहिती रुग्णास आधी दिली जाणे आवश्यक आहे.

जाळीची किंमत हा विकसनशील देशांत महत्त्वाचा मुद्दा ठरतो. या संदर्भात महाराष्ट्रातील धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांचे कार्य उल्लेखनीय आहे. मच्छरदाणीचे विशिष्ट कापड निर्जंतुक करून हर्नियाच्या जाळीसाठी वापरण्याचा अनुभव त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’मध्ये मांडला. पुढे युगांडात जांघेच्या हर्नियावर अशाच स्वस्त जाळीचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षभराच्या अखेरीस स्वस्त आणि महागड्या जाळीच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. व्रणावरील मोठ्या हर्नियाला हे निष्कर्ष जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, तरी खर्चाअभावी उपचार अडू नयेत या दृष्टीने ते महत्त्वाचे आहेत.

२३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबांना दरवर्षी पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण असून हर्नियाच्या शस्त्रक्रियांचा तीत समावेश आहे. काही शस्त्रक्रिया ठरावीक रुग्णालयांपुरत्या मर्यादित असू शकतात. त्यामुळे दाखल होण्यापूर्वी संबंधित रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करणे इष्ट ठरते.

शस्त्रक्रियेपूर्वीची आणि नंतरची काळजी

तातडीची स्थिती नसल्यास शस्त्रक्रियेपूर्वीचा काळ तयारीसाठी वापरावा. किमान चार आठवडे आधी धूम्रपान थांबविणे, वजन कमी करणे, मधुमेह आटोक्यात आणणे, तसेच खोकला व बद्धकोष्ठतेवर उपचार घेणे यांमुळे यशाची शक्यता वाढते. पुढे अपत्य हवे असलेल्या महिलांनी ही बाब शल्यचिकित्सकांना अवश्य सांगावी, कारण त्रास अधिक नसल्यास प्रसूतीनंतर शस्त्रक्रिया करणे सामान्यतः श्रेयस्कर समजले जाते.

शस्त्रक्रियेनंतर लवकर चालू लागणे हितावह असते. खोकताना किंवा शिंकताना उशी पोटाशी धरून आधार द्यावा. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळावे आणि मग हाताच्या आधाराने उठावे. सुमारे सहा आठवडे, किंवा शल्यचिकित्सक सांगतील तितका काळ, जड वजन उचलू नये. पाण्याची भरलेली कळशी, धान्याचे पोते किंवा कडेवरचे मूल हेही वजनच असते, ही गोष्ट कुटुंबीयांनीही ध्यानात घ्यावी. हीच काळजी पोटाच्या कोणत्याही पहिल्या शस्त्रक्रियेनंतर घेतल्यास टाक्यांवरील ताण कमी राहतो. जखम लाल होणे, त्यातून स्राव येणे किंवा ताप येणे याची माहिती रुग्णालयास लगेच द्यावी.

पोटावर जुना व्रण असलेल्या प्रत्येक व्यक्तीने तो अधूनमधून उभे राहून पाहावा. फुगवटा आढळल्यास घाबरून जाण्याचे कारण नाही, मात्र तो त्रास देईपर्यंत थांबणेही योग्य नाही. फट लहान असताना ठरवून केलेली शस्त्रक्रिया आणि आतडे अडकल्यावर अपरात्री करावी लागणारी शस्त्रक्रिया यांतील अंतर पुष्कळदा एका वेळेवर केलेल्या तपासणीचेच असते.