पारगडावरचा मुक्काम

श्रोतेहो, सहलीला निघताना आपण पहिला प्रश्न विचारतो, "पाहायचं काय?" आणि दुसरा, "राहायचं कुठं?" परत आल्यावर मात्र बहुतेकदा या दुसऱ्या प्रश्नाचंच उत्तर लक्षात राहतं. देऊळ कोणत्या शतकातलं होतं हे आपण विसरतो, पण त्याच्या ओसरीवर पावसात काढलेली रात्र विसरत नाही. आज मी अशाच मुक्कामाच्या जागांविषयी बोलणार आहे. सुरुवात जरा लांबून, आयर्लंडपासून करतो. शेवट मात्र आपल्या चंदगडात होईल.

आयर्लंड हा आपल्या महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याएवढाही नसलेला देश. पाऊस आपल्या घाटमाथ्यासारखा चिवट, जमीन हिरवीगार आणि जागोजागी जुने किल्ले. तिथं जाणाऱ्या पाहुण्याला साध्या हॉटेलपेक्षा वेगळ्या जागांची ओढ असते. मेयो परगण्यातला ॲशफर्ड किल्ला १२२८ मधला. १९३९ पासून तिथं हॉटेल आहे. विकलो हेड इथं १७८१ साली बांधलेला दीपगृहाचा अष्टकोनी दगडी मनोरा आहे. त्याच्या भिंतींच्या आत आता पाहुणे झोपतात आणि स्वयंपाकघर वरच्या टोकाला असल्यानं चहासाठी शंभरावर पायऱ्या चढतात. १९९२ साली तिथं जुन्या वास्तू जपण्यासाठी एक विश्वस्त संस्था निघाली. पडायला आलेली जुनी घरं, फाटकावरच्या चौक्या, दीपगृह राखणाऱ्यांची घरं दुरुस्त करायची, पाहुण्यांना भाड्यानं द्यायची आणि त्या पैशातून वास्तूची निगा राखायची, अशी ही योजना.

मोठी शहाणपणाची गोष्ट आहे. पण तिच्या मुळाशी एक रिकामपण आहे, हे विसरता कामा नये. किल्ल्यातले सरदार गेले म्हणून तिथं हॉटेल झालं. दिवे आपोआप लागू लागले म्हणून दीपगृहावरची माणसं गेली. डब्लिनजवळच्या बेली दीपगृहावरचा राखणदार १९९७ साली उतरला आणि आयर्लंडमधली ती पिढ्यान्‌पिढ्यांची नोकरीच संपली. राहणारा गेला, म्हणून पाहुण्याला जागा झाली.

आपल्याकडेही हे घडलं आहे. कोल्हापूरला रंकाळ्याकाठी १९३०च्या दशकात उभा राहिलेला शालिनी पॅलेस १९८७ मध्ये हॉटेल झाला. तेरेखोलच्या खाडीवर सावंतांनी बांधलेला किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तिथं तिरंगा फडकवला. पुढं त्याच किल्ल्याच्या खोल्यांतून अनेक वर्षं पाहुणे उतरले. आणि ज्यांच्या खिशाला हे परवडत नसे, त्यांच्यासाठी राजगडावरचं पद्मावतीचं देऊळ होतंच. सतरंजी टाकायची, पाठपिशवी उशाला घ्यायची आणि झोपायचं, अशी तिथली रीत होती.

पण गडावर परक्या माणसानं रात्र काढणं ही कल्पनाच मुळात नवी आहे. ज्या काळात गड हे गड होते, त्या काळात संध्याकाळी दरवाजे बंद झाले की आतला आत आणि बाहेरचा बाहेर. रायगडावर दूध घालायला गेलेली हिरकणी दरवाजा बंद झाल्यामुळं अडकली आणि तान्ह्या लेकरासाठी कडा उतरून गेली, ही कथा आपण लहानपणी ऐकली. आईच्या मायेसाठी आपण ती सांगतो, पण गडाची शिस्त किती कडक होती हेही त्या कथेत आहे.

मग गडावर रात्री कोण असे? हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तीन अधिकारी. एकाच्या हाती सारी सत्ता नको, म्हणून तिघे. त्यांच्या हाताखाली शिबंदी, तोफांवरची माणसं, पाणी आणि कोठार सांभाळणारी माणसं. गडाखाली मेटांवर चौक्या. या साऱ्या गडकऱ्यांना चाकरीच्या बदल्यात जमिनी मिळत. जमीन खालच्या गावात, चाकरी वर गडावर. बाप गेला की मुलगा. गड जागा राहायचा तो अशा वंशपरंपरागत जागरणामुळं. दगडी तट कितीही उंच असला, तरी त्यावर रात्री फिरणारं माणूस नसेल तर तो नुसता डोंगर.

हे जागरण संपलं कसं? १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि इंग्रजांना गडांची गरज उरली नाही. उलट भीती होती. आपल्या भागात शेवटचा धडाका झाला तो १८४४ मध्ये. कोल्हापूर संस्थानच्या कारभारात इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडित यांना आणून बसवलं. गडकऱ्यांच्या जमिनींची जुनी व्यवस्था मोडून त्या मामलेदारांच्या ताब्यात देण्याचं ठरलं. गडकऱ्यांच्या दृष्टीनं हा पोटावर पाय होताच, पण अब्रूचाही प्रश्न होता. गडहिंग्लजजवळच्या सामानगडानं दरवाजे लावून घेतले. पाठोपाठ भुदरगड उठला, पन्हाळा उठला, सावंतवाडीकडचे मनोहर आणि मनसंतोषगड उठले. डिसेंबर १८४४ मध्ये पन्हाळा पडला आणि कोल्हापुरातलं हे बंड मोडलं. इंग्रजांनी मग तटबंद्या पाडल्या, शिबंदी उठवली. आज आपण ज्या गडांवर पडके बुरूज आणि गवत पाहतो, त्यातलं बरंचसं काळाचं काम नाही. हुकमानं केलेलं काम आहे. गड म्हातारे झाले नाहीत. ते रिकामे केले गेले.

आता चंदगडाकडं येऊ. हा तालुका आज कोल्हापूर जिल्ह्यात असला तरी १९५६ पर्यंत तो बेळगाव जिल्ह्यात होता. एका अंगाला बेळगाव, दुसऱ्या अंगाला गोवा, तिसऱ्या अंगाला सिंधुदुर्ग. आंबोलीचा घाट होण्याआधी बेळगावची बैलं वेंगुर्ल्याला जात ती इथल्या रामघाटानं. अशा नाक्यावरच्या मुलखात गड असणारच. चंदगड तालुक्यात चार आहेत: महिपाळगड, गंधर्वगड, कलानिधीगड आणि पारगड. यातल्या तिघांवर आजही गाव आहे. महिपाळगडावर घरं आहेत, गंधर्वगडावर घरं आहेत, पारगडावरही आहेत. शाळेला जाणारी पोरं, गोठ्यातली म्हैस, दारातली तुळस, हे सारं गडावर. महाराष्ट्रात शेकडो गड आहेत. त्यात पन्हाळा, सिंधुदुर्ग असे मोजके सोडले तर वस्तीचे गड फार थोडे. एका तालुक्यात तीन असणं ही या मातीची अपूर्वाई आहे.

त्यातही पारगडाची गोष्ट वेगळी. १६७५ मध्ये शिवाजी महाराजांनी फोंडा घेतला. दक्षिणेच्या टोकाला, पोर्तुगीजांवर नजर ठेवायला एक भक्कम ठाणं हवं होतं. ते ठाणं म्हणजे पारगड, स्वराज्याच्या पार टोकाचा. तिन्ही बाजूंना तुटलेले कडे, खाली तिळारीच्या खोऱ्यातलं दाट रान. आणि त्याचा पहिला किल्लेदार म्हणून नाव सांगितलं जातं रायबा मालुसऱ्यांचं. तानाजी मालुसऱ्यांचा हा मुलगा. त्याच्याच लग्नाचं निमंत्रण बाजूला ठेवून तानाजी कोंढाण्यावर गेले आणि फेब्रुवारी १६७० मध्ये तिथं पडले, हे आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. पण त्या लग्नातल्या नवऱ्या मुलाचं पुढं काय झालं, हे किती जण विचारतात? त्याचं उत्तर चंदगडात आहे.

गडावर परंपरा अशी सांगतात, की आकाशात चंद्रसूर्य असेपर्यंत हा गड जागता ठेवा, असा महाराजांचा हुकूम झाला. तो हुकूम मालुसरे, शेलार, माळवे अशा घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडातून कानात जपला. मोगल आले, मराठेशाही गेली, इंग्रज आले आणि गेले, तालुका एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेला. गडावरची चूल विझली नाही. तानाजींची म्हणून सांगितली जाणारी तलवार आणि महाराजांची म्हणून सांगितली जाणारी कवड्यांची माळ मालुसरे घराण्यानं आजवर सांभाळली.

मी पहिल्यांदा पारगडावर मुक्कामाला गेलो तो असाच एका सुट्टीत. आता वरपर्यंत गाडी जाते, पण मी पायऱ्यांनी गेलो. तीनशेवर पायऱ्या. वर पोचताच मारुतीचं देऊळ आणि जवळ पडलेल्या तोफा. तोफांवर एक पोरगं घोडा घोडा खेळत होतं. पुढं भवानीचं देऊळ. संध्याकाळ झाली तसं कोकणातून धुकं वर चढलं आणि दहा पावलांवरचं दिसेना. ज्यांच्याकडं उतरायचं होतं, त्या घरातल्या आजी दारात उभ्या होत्या. "पावणं, आधी पाय धुवा, मग बोला," म्हणाल्या. चुलीवरची नाचण्याची भाकरी, कुळथाचं पिठलं, वर लसणाची चटणी. जेवण झाल्यावर मी विचारलं, "आजी, पावसाळ्यात एवढ्या वाऱ्यापावसात राहण्यापेक्षा खाली का जात नाही?" त्या म्हणाल्या, "खाली पोराचं घर हाय की. पण सगळी खाली गेल्यावर देवीफुडं दिवा कोण लावणार?"

श्रोतेहो, मी पाहुणा म्हणून गेलो होतो, पण त्या रात्री माझ्या लक्षात आलं, की या घरात मुक्काम माझा नाही, त्यांचा आहे. साडेतीनशे वर्षांचा मुक्काम. आयर्लंडच्या दीपगृहात पाहुण्याला राखणदाराची खोली मिळते. पारगडावर खोलीबरोबर राखणदार भेटतो. जगातल्या कोणत्याही आलिशान किल्ल्यात हे विकत मिळणार नाही.

पण ही गोष्ट एवढ्यावर संपवली तर ती अर्धी होईल. गडावर नुसत्या अभिमानावर पोट भरत नाही. नाचणा, थोडा भात, काजू. बाकी सारं खालून आणायचं. दवाखाना लांब, पुढचं शिक्षण लांब, नोकरी तर त्याहून लांब. गडावरची तरुण मुलं सैन्यात गेली, मुंबईला गेली, बेळगावला गेली. दसऱ्याला ती येतात, गड माणसांनी भरतो, आणि चार दिवसांनी अनेक दारांना पुन्हा कुलपं लागतात. इंग्रजांना जमलं नाही ते एसटीच्या तिकिटाला जमेल की काय, अशी भीती वाटते.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यात आपला पन्हाळा आहे. आनंद झाला. पण त्याच वेळी पन्हाळ्यावर राहणाऱ्यांनी विचारलं, आमच्या घरांचं काय होणार? हा प्रश्न बाजूला सारण्यासारखा नाही. वास्तू जपायची म्हणजे दगड जपायचे की दगडांत राहणारी माणसंही? पारगड त्या यादीत नाही. पण त्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं असेल तर पारगडासारखी जागा नाही. इथं तटाचे चिरे फार उरलेले नाहीत. वारसा उरला आहे तो माणसांच्या रूपात.

म्हणून माझी साधी सूचना आहे. आयरिश लोकांकडून आपण एकच गोष्ट घ्यावी: पाहुण्याचा पैसा जागेच्या निगराणीत जावा. आणि एक गोष्ट त्यांना सांगावी: जागा रिकामी होईपर्यंत थांबू नका. पारगडावर मोठं हॉटेल नको. गडावरच्याच चार घरांत पाहुण्यांची नीट सोय झाली, स्वच्छतागृह झालं, बारमाही पाणी झालं, आणि मुक्कामाचे पैसे त्या घरांच्या हाती गेले, तर एखाद्या घरातला एखादा मुलगा मुंबईऐवजी गडावर राहण्याचा विचार करील. एवढं झालं तरी पुष्कळ झालं.

आपण जाणार असाल तर आधी कळवून जा. पावसाळ्यात दुपारीच पोचा, कारण धुक्यात वाट चुकते. बाटल्या, गोंधळ, मोठ्यानं लावलेली गाणी मागे ठेवून जा. घरच्या माणसांनी मागितले नाहीत तरी पैसे द्या, कारण ती संकोचानं मागणार नाहीत. आणि रात्री जरा उशिरापर्यंत जागे राहा. उत्तररात्री धुकं उतरलं की खाली कोकणातले दिवे दिसतात, वर चांदणं असतं, आणि देवळात एक वात तेवत असते.

सकाळी निघताना मी आजींना म्हटलं, "येतो." त्या म्हणाल्या, "या. आमी हायच."