भाकर, भरडा आणि रोडगा : यवतमाळच्या घरगुती स्वयंपाकाची ओळख

विदर्भातील खाद्यपदार्थांचा विषय निघाला की बहुतेकांना आधी नागपूरचा सावजी रस्सा आठवतो. झणझणीत तर्री, काळा मसाला आणि डोळ्यांत पाणी आणणारे तिखट अशीच वैदर्भीय जेवणाची ख्याती महाराष्ट्रभर पसरली आहे. यवतमाळ जिल्ह्यातील घराघरांत रोज शिजणारे अन्न मात्र या ख्यातीहून बरेच निराळे आहे. ते साधे, पोटाला शांतवणारे आणि मोजक्या जिनसांवर उभे राहिलेले आहे. ज्वारी, तूर, हरभरा, अंबाडी, लसूण, मिरची आणि थोडे तेल एवढ्या सामग्रीतून येथील गृहिणींनी बाराही महिने पुरेल अशी विविधता निर्माण केली. या स्वयंपाकाचे सूत्र असे, की शेतात जे पिकते तेच ताटात येते. म्हणूनच शेतातील पीक बदलले, की ताटही बदलते.

सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्याला एकीकडून वर्धा नदीची आणि दुसरीकडून पैनगंगेची सोबत आहे. कापूस हे येथील प्रमुख नगदी पीक असून त्याच्या तासांमध्ये तुरीचा तास टाकण्याची रीत जुनी आहे. पुसद, उमरखेड, महागाव या भागांत इसापूर धरणाच्या पाण्यावर ऊस आणि हळद होते. घाटंजी, केळापूर, मारेगाव, झरी जामणी या तालुक्यांत गोंड व कोलाम समाजाची वस्ती मोठी आहे, तर पुसद-दिग्रस परिसरात बंजारा समाजाचे तांडे आहेत. यातील प्रत्येकाच्या चुलीची चव वेगळी असली, तरी ज्वारी ही सर्वांना जोडणारी बाब होती. बंजारा घरांत ज्वारीच्या भाकरीला 'बाटी' म्हणतात, वऱ्हाडी बोलीत ती 'भाकर' असते.

भाकरीचे शास्त्र

गव्हाच्या कणकेत जो चिकट प्रथिनांचा धागा असतो, तो ज्वारीच्या पिठात नसतो. त्यामुळे ज्वारीचे पीठ नुसते थंड पाण्यात भिजवले, तर भाकर थापताना चिरते. म्हणून पीठ गरम पाण्यात भिजवावे. उष्णतेने पिठातील पिष्ट फुलते आणि तेच बांधून ठेवण्याचे काम करते. दुसरी अट ताज्या पिठाची. दळून बरेच दिवस झालेल्या पिठाची 'विरी' जाते, मग कितीही मळले तरी भाकर तुटते. यासाठी ज्वारी आठवड्यापुरतीच दळून आणण्याची पद्धत आहे. प्रत्येक भाकरीचा गोळा स्वतंत्र घेऊन तळहाताच्या टाचेने भरपूर मळावा, थापून तव्यावर टाकावा आणि वरच्या बाजूला लगेच पाण्याचा हात फिरवावा. पाणी सुकताच भाकर उलटावी. दुसरी बाजू भाजली, की पहिली बाजू थेट निखाऱ्यावर वा गॅसच्या आचेवर धरावी. पापुद्रा टम्म फुगला, म्हणजे भाकर जमली.

भाकरीसोबत पिठले, झुणका, मिरचीचा ठेचा, जवसाची किंवा तिळाची चटणी आणि कच्चा कांदा एवढे पुरते. सकाळी शिळी भाकर ताकात कुस्करून खाणे ही शेतावर जाणाऱ्यांची जुनी न्याहारी आहे. पारा ४५ अंशांच्या आसपास जातो त्या उन्हाळ्यात ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील पोटाला थंडावा देते. ज्वारी भरडून काढलेल्या कण्या तर भाताच्या जागी शिजत. तांदूळ हा या कोरडवाहू जिल्ह्यात पूर्वी सणावाराचा जिन्नस होता.

डाळीचा आधार

ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते आणि डाळींत ते भरपूर असते. उलट डाळींत जे कमी पडते, ते धान्य भरून काढते. भाकर आणि वरण यांची जोडी आहारशास्त्राच्या पुस्तकांआधी अनुभवाने जुळवली आहे. तुरीचे घट्ट वरण रोजचेच. पालक, तुरीची डाळ आणि शेंगदाणे एकत्र शिजवून केलेली डाळभाजी लग्नाच्या पंगतीत हमखास दिसते. पौष-माघात तुरीच्या ओल्या शेंगा येतात. त्यांच्या कोवळ्या दाण्यांना 'सोले' म्हणतात. सोल्यांची आमटी, सोल्यांचा भात आणि सोल्यांची कचोरी हे हिवाळ्याचे खास पदार्थ होत.

हरभऱ्याच्या डाळीचे रूप येथे निराळे. ती बारीक दळून बेसन होते आणि जाडसर भरडली, की 'भरडा' होतो. भरड्याचे वडे सणाच्या नैवेद्याला लागतात, तर पाटवडीचा रस्सा घरात भाजी नसेल त्या दिवशी वेळ निभावून नेतो. भरड्याचा सर्वांत सुखकर पदार्थ मात्र गोळाभात.

गोळाभात (चार जणांसाठी)

साहित्य : दीड वाटी तांदूळ, एक वाटी हरभरा डाळीचा भरडा, अर्धी वाटी तेल, एक चमचा तिखट, अर्धा चमचा हळद, अर्धा चमचा जिरे, हिंग, मोहरी, तीन-चार सुक्या लाल मिरच्या, चवीपुरते मीठ.

कृती : भरड्यात तिखट, हळद, जिरे, हिंग, मीठ आणि दोन मोठे चमचे कडकडीत तेलाचे मोहन घालावे. पाण्याचा हबका मारत घट्ट भिजवून पंधरा मिनिटे झाकून ठेवावे व लिंबाएवढे गोळे वळावेत. तांदूळ पातेल्यात मोकळा शिजत ठेवावा. तो तीन चतुर्थांश शिजला आणि वर थोडेच पाणी उरले, की गोळे भातात अलगद रोवून झाकण घालावे आणि मंद आचेवर पंधरा मिनिटे वाफ आणावी. उरलेल्या तेलात मोहरी, हिंग आणि लाल मिरच्यांची फोडणी करावी. वाढताना गोळा भातावर फोडून त्यावर ही फोडणी सोडावी. सोबत चिंचेचे सार किंवा ताकाची कढी असावी. मोहन कमी पडले तर गोळा दगडासारखा होतो, एवढे ध्यानात ठेवावे.

धुऱ्यावरची भाजी

शेताच्या बांधाला येथे धुरा म्हणतात. धुऱ्यावर किंवा कापसाच्या कडेच्या तासांत अंबाडी, चवळी, तीळ असे थोडे थोडे पेरून घरचा भाजीपाला मिळवण्याची जुनी रीत. अंबाडीच्या पाल्याची भाजी, लाल बोंडांची चटणी व सरबत आणि खोडाच्या वाखाचे दोर असा तिचा बहुविध उपयोग होतो. जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या तेलंगणातील आदिलाबादमध्ये याच आंबट पाल्याला 'गोंगुरा' म्हणतात. तिकडे त्याचे पच्चडी नावाचे लोणचे होते, इकडे ज्वारीच्या कण्या घालून भाजी होते.

अंबाडीची भाजी

साहित्य : अंबाडीची निवडलेली चिरलेली पाने चार वाट्या, ज्वारीच्या कण्या अर्धी वाटी, तुरीची डाळ पाव वाटी, लसणाच्या दहा-बारा पाकळ्या, सुक्या लाल मिरच्या, तेल, हळद, तिखट, मीठ, गुळाचा लहान खडा.

कृती : कण्या व डाळ तासभर भिजवाव्यात. पाने उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवून पिळून घ्यावीत, म्हणजे जास्तीचा आंबटपणा जातो. पाने, कण्या, डाळ, हळद आणि दोन वाट्या पाणी कुकरमध्ये चार शिट्ट्या होईपर्यंत शिजवून रवीने घोटावे. तिखट, मीठ, गूळ घालून एक उकळी आणावी. ठेचलेला लसूण व मिरच्या तेलात लालसर तळून ती फोडणी वरून द्यावी. भाकरीवर भाजी घेऊन पुन्हा थोडे लसणाचे तेल घातल्याशिवाय तिची खरी चव कळत नाही.

पावसाळ्यात तरोटा, कुर्डू, काटवल या रानभाज्या बाजारात येतात. हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून त्याची भाजी करतात आणि काही पाला वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवतात. आदिवासी पट्ट्यात चैत्रात पहाटे मोहाची फुले वेचली जातात. ती वाळवून वर्षभर खाण्यासाठी राखून ठेवली जातात.

गोवरीच्या आरातील रोडगा

भट्टीतील भाजणीचे पदार्थ म्हणजे पाव आणि बिस्किटे, असा शहरी समज असतो. गव्हाचा गोळा सर्व बाजूंनी उष्णता देऊन भाजण्याची कला या भागात फार जुनी आहे. तिचे नाव रोडगा. संत एकनाथांच्या भवानीआईच्या भारुडात नवसाचा म्हणून आलेला रोडगा अवघ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. वऱ्हाडात मात्र तो नवसापुरता राहिला नाही. शेतातील जेवणावळी, देवस्थानांचे महाप्रसाद आणि हिवाळ्यातील सुटीचा दिवस रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण यांनीच साजरा होतो.

साहित्य : जाडसर दळलेले गव्हाचे पीठ चार वाट्या, मोहनासाठी तेल अर्धी वाटी, ओवा एक चमचा, मीठ, थरांना लावण्यासाठी थोडे तेल आणि वरून घेण्यासाठी भरपूर साजूक तूप.

कृती : पिठात मीठ, ओवा, गरम मोहन घालून घट्ट कणीक भिजवावी आणि अर्धा तास ठेवावी. पुरीएवढ्या तीन-चार जाड चकत्या लाटून प्रत्येकीवर तेल लावावे व पीठ भुरभुरावे. एकावर एक ठेवलेल्या या चकत्या कणकेच्या मोठ्या पारीत गुंडाळून मुठीएवढा गोळा करावा. गोवऱ्या पेटवून त्यांचा धूर पूर्ण जाऊ द्यावा. लाल आर झाला, की रोडगे त्यावर ठेवून अधूनमधून फिरवावेत, वरचे कवच धरले की गरम राखेत पुरावेत. साधारण पाऊण ते एक तासात ते आतपर्यंत भाजतात. टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला, तर रोडगा तयार. फडक्याने राख झटकून तो फोडावा आणि थरांमध्ये तूप सोडावे. शेवटचा घास गूळ-तुपासोबत घेण्याची रीत आहे.

गोवऱ्या नसतील तर १८० अंश सेल्सिअसवर तापवलेल्या ओव्हनमध्ये मध्येच एकदा उलटून ४५ ते ५० मिनिटे भाजावे. धुराचा गंध तेवढा मिळत नाही, पण थर उत्तम सुटतात. हाच प्रकार लहान गोळ्यांचा केला, की त्याला पानगे म्हणतात. काही ठिकाणी ते पळसाच्या पानांत ठेवून भाजतात.

वाळूच्या भट्टीतील नानकटाई

दिवाळीपूर्वी रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर बिस्किटे करून आणण्याची पद्धत महाराष्ट्रातील अनेक गावांत होती. ओव्हन नसलेल्या घरात कुकरच भट्टीचे काम करतो. राखेतील रोडग्याचेच हे तत्त्व, फक्त राखेच्या जागी वाळू किंवा मीठ.

अर्धी वाटी तूप आणि अर्धी वाटी पिठीसाखर हलके होईपर्यंत फेसावी. एक वाटी मैदा (किंवा अर्धा मैदा व अर्धी कणीक), पाव वाटी बेसन, पाव चमचा बेकिंग पावडर व वेलदोड्याची पूड मिसळून मऊ गोळा करावा. कुकरच्या तळाशी वाळूचा किंवा मिठाचा दोन बोटे थर देऊन वर जाळी ठेवावी. झाकणाची रबरी रिंग व शिटी काढून कुकर दहा मिनिटे तापवावा. कुकरमध्ये पाणी घालायचे नाही, त्यामुळे रिंग आणि शिटी काढणे अत्यावश्यक आहे. तुपाचा हात लावलेल्या ताटलीत चपटे गोळे अंतर ठेवून मांडावेत आणि मंद आचेवर पंधरा ते अठरा मिनिटे भाजावेत. गरम असताना नानकटाई मऊ लागते. ती थंड झाल्यावरच खुसखुशीत होते.

उन्हाळ्याची बेगमी

फाल्गुन ते वैशाख हे वाळवणाचे महिने. गव्हाच्या कुरडया, ज्वारीचे धापोडे, मुगाच्या वड्या आणि सरगुंडे यांनी अंगणातील खाटा भरून जातात. काडीभोवती कणकेचा धागा गुंडाळून केलेले पोकळ सरगुंडे शिजवून आमरसात खाल्ले जातात. पाहुणा अवेळी आला, तरी घरात काहीतरी असावे हा या खटाटोपामागील विचार. तो शेजारणींनी एकमेकींकडे जाऊन पार पाडायचा, हेही त्यात गृहीत होते.

ज्वारी शेतातून गेली, तर

या स्वयंपाकाचा पाया असलेली ज्वारी मात्र गेल्या काही दशकांत यवतमाळच्या शिवारातून मागे हटली. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे देशातील पहिले संकरित ज्वारीचे वाण आले आणि उत्पादन वाढले. तथापि लवकर पक्व होणाऱ्या खरिपाच्या संकरित ज्वारीचे कणीस परतीच्या पावसात भिजून काळे पडे. तिला भावही कमी मिळे. १९९० नंतर सोयाबीनने आणि २००२ मध्ये परवानगी मिळालेल्या बीटी कापसाने रोख पैशाची आशा दाखवली. उरलेल्या ज्वारीवर पाखरे, रानडुकरे आणि रोही तुटून पडू लागली. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त झाल्याने ज्वारी पेरण्याचे कारणही उरले नाही. भाकर थापण्यास लागणारा वेळ आणि श्रम पाहता पोळीकडे वळलेल्या गृहिणीलाही दोष देता येणार नाही.

या बदलाची किंमत मात्र अनेक खात्यांवर पडली. घरची ज्वारी गेली तसा बैलांचा कडबा गेला. जे धान्य घरच्या कणगीत असे, ते आता अनेक घरांत दुकानातून किलोच्या भावाने आणले जाते. कापसाचे वा सोयाबीनचे पीक बुडाले, तर पूर्वी निदान खाण्यापुरती ज्वारी घरात असे. तो आधारही गेला. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या या जिल्ह्यात ही बाब केवळ चवीची राहत नाही.

भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. त्या निमित्ताने शहरांतील दुकानांत ज्वारीची बिस्किटे व पोहे आले आणि भाकरीला प्रतिष्ठा मिळाली, हे चांगलेच झाले. परंतु कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात ज्वारी परत यायची, तर तिला रास्त भाव आणि वन्यप्राण्यांपासून राखण हवी. कापसाच्या शेतात खाण्यापुरती ज्वारी आणि धुऱ्यावर अंबाडी पेरण्याइतकी जागा राखली, तर वर सांगितलेल्या निम्म्या पदार्थांची सामग्री पुन्हा घरचीच होईल. शहरातील वाचकानेही आठवड्यातून दोन दिवस भाकर केली आणि ज्वारी शक्यतो ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेतली, तर त्या पेरणीला गिऱ्हाईक मिळेल.