लंडनहून, मराठीत

गेल्या शुक्रवारी रात्री अकरा वाजता मी क्लायंटला मेल लिहीत बसलो होतो. सर्व्हर चार तास आडवा झाला होता. मेलमध्ये लिहिलं, टीम कामाला लागलेली आहे, डेटा सुरक्षित आहे, सेवा टप्प्याटप्प्याने सुरू होत आहेत. यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. चूक आमचीच होती, एवढं सोडून सगळं त्यात होतं. मॅनेजरने वाचून "एकदम परफेक्ट" म्हटलं.

आयटीत असाल तर असली मेल तुम्हीही लिहिली असेल :-) साता समुद्रापलीकडच्या माणसाला आपली बातमी कशी द्यायची, हा आपला रोजचाच उद्योग. पण मेल पाठवल्यावर मला आठवला तो एक जुना फोटो.

फोटो १९४२ चा. बीबीसीचा लंडनमधला स्टुडिओ. 'व्हॉइस' नावाच्या कवितांच्या कार्यक्रमासाठी जमलेली मंडळी. टी. एस. एलियट आहेत, मुल्कराज आनंद आहेत, जमैकाच्या यूना मार्सन आहेत. मागे उभा असलेला उंच, किडकिडीत माणूस म्हणजे जॉर्ज ऑर्वेल. आणि याच फोटोत एक मराठी बाई आहेत, वेणू चितळे. मूळच्या कोल्हापूरकडच्या, शिरोळच्या. ऑर्वेलच्या विभागात त्या काम करायच्या.

ऑर्वेल, म्हणजे '१९८४' लिहिणारा, सरकारी प्रचाराची चिरफाड करणारा ऑर्वेल, तिथे काय करत होता? तर सरकारी प्रचार! ऑगस्ट १९४१ ते नोव्हेंबर १९४३ तो बीबीसीच्या ईस्टर्न सर्व्हिसमध्ये हिंदुस्थानसाठी कार्यक्रम करायचा. युद्धाचा आढावा घेणारी साप्ताहिक वार्तापत्रं तो इंग्रजीत लिहायचा. शिवाय गुजराती, बंगाली, तमिळ आणि चक्क मराठीत भाषांतर करून वाचण्यासाठीही त्याने मजकूर लिहिला. म्हणजे जगातला एक नामवंत लेखक थेट आपल्या आजी-पणजीसाठी बातम्या लिहीत होता, आणि आपल्याला शाळेत कुणी हे सांगितलं नाही!

यंत्रणा बघा कशी होती. प्रत्येक भाषण आधी कागदावर. त्यावर दोन कसोट्या: धोरणात बसतं का, आणि शत्रूला उपयोगी पडेल असं त्यात काही आहे का. दोन्हींचे शिक्के पडल्याशिवाय मजकूर स्टुडिओत जाणार नाही. प्रक्षेपण चालू असताना संहिता हातात घेऊन एक माणूस स्विचपाशी बसणार. वाचणारा कागद सोडून बोलायला लागला, की आवाज बंद. आपल्या भाषेत, कोड रिव्ह्यू दोनदा आणि वर प्रॉडक्शनला किल स्विच.

मग इतक्या चाळण्या लावून खोट्या बातम्या द्यायचे का? तर नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून गेलं. या पराभवांबद्दल लंडनहून सांगितलं जात होतं.

हे शहाणपण आधीच्या युद्धात हात पोळून आलेलं होतं. सप्टेंबर १९१४ मध्ये ब्रिटिशांनी चार्ल्स मास्टरमनच्या हाताखाली 'वेलिंग्टन हाउस' नावाचं गुप्त प्रचार कार्यालय उघडलं. मुख्य गिऱ्हाईक तटस्थ अमेरिका. पुस्तकं नेहमीच्या प्रकाशकांच्या नावाने निघायची, त्यामागे सरकार आहे हे वाचणाऱ्याला कळायचंही नाही. मे १९१५ मध्ये बेल्जियममधल्या जर्मन अत्याचारांवर ब्राइस समितीचा अहवाल आला. जर्मनांनी बेल्जियममध्ये हजारो नागरिक मारले हे खरंच होतं. पण अहवालात बिनशपथेच्या, निनावी साक्षींवर आधारलेल्या भयंकर कहाण्याही होत्या. युद्धानंतर त्यांतल्या कितीतरी टिकल्या नाहीत. परिणाम? १९४२ मध्ये ज्यूंच्या सामूहिक हत्येच्या खऱ्या बातम्या यायला लागल्या, तेव्हा "हे मागच्यासारखंच काहीतरी" असं म्हणणारे लोक निघाले. लांडगा आला रे आला, पण या वेळी लांडगा खरंच आला होता.

तेव्हा दुसऱ्या युद्धात धोरण असं, की शक्यतो खरं सांगा, म्हणजे आपल्यावर विश्वास बसेल. फक्त काय सांगायचं ते आपण ठरवायचं.

आणि हे धोरण आपटलं ते आपल्याकडे. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत गांधीजींना पकडलं. देशभर भडका उडाला. त्याच आठवड्यात ऑर्वेलने आपल्या रोजनिशीत चिडून नोंद केली आहे. वरून धोरणाचा कागद आला होता, की हिंदुस्थानातल्या दंगलींना फारसं महत्त्व नाही, परिस्थिती आटोक्यात आहे. (मला माझी मेल आठवली ती इथे.)

आता विचार करा. चिमूर-आष्टीत गोळीबार झालेला, गावोगावी धरपकड चाललेली, आणि लंडनहून शुद्ध मराठीत रशियातल्या आघाडीचा आढावा. आढावा अगदी खराही असेल, पण ऐकणाऱ्याला दारात काय चाललंय ते दिसत होतं. मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी जागा बदलत बदलत काँग्रेस रेडिओ चालवत होते. २७ ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरला पकडले जाईपर्यंत, जेमतेम अडीच महिने. चिमूर-आष्टीची हकीकत त्यांनी सांगितली. तिकडे बर्लिनहून सुभाषबाबूंचा आझाद हिंद रेडिओ होता. तो स्वातंत्र्याबद्दल बोलायचा, पण जर्मनी काय करतेय त्याबद्दल त्या स्टुडिओतून बोलणं शक्य नव्हतं. प्रत्येकाची आपापली चाळणी.

ऑर्वेलला सौदा कळत होता. बीबीसीत तो एरिक ब्लेअर या खऱ्या नावाने नोकरी करायचा. १९४२ च्या शेवटाकडे त्याला 'ऑर्वेल' म्हणून बोलायला सांगितलं, तेव्हा त्याने लेखी कळवलं, की हिंदुस्थानात माझ्या नावाला काही किंमत असलीच तर ती साम्राज्यविरोधी पुस्तकांमुळे, आणि त्यातली काही तिथे बंदीत आहेत. म्हणजे सरकारला हवी होती ती सरकारविरोधी माणसाची पत!

सप्टेंबर १९४३ मध्ये त्याने राजीनामा दिला. त्यात त्याने प्रामाणिकपणे लिहिलं, की मला पटत नाही असं काही बोलायला कुणी भाग पाडलं नाही. आणि तरीही कारण दिलं, की आपला वेळ आणि जनतेचा पैसा वाया जातोय, सध्याच्या राजकीय परिस्थितीत हिंदुस्थानसाठी हा प्रचार जवळपास व्यर्थ आहे.

मला हे राजीनामापत्र '१९८४' पेक्षाही जास्त भीतीदायक वाटतं. त्या कादंबरीत रोज खोटं लिहिणारं खातं आहे. इथे खोटं कुणी बोलायला लावलंच नाही. हुशार, सज्जन माणसं रोज खरं तेच लिहीत होती, आणि ऐकणाऱ्याला हवं असलेलं एकच वाक्य, "तुम्ही स्वतंत्र व्हाल, अमुक दिवशी", ते मात्र कागदावर येऊ शकत नव्हतं.

आजही कुठे युद्ध पेटलं की आपण फोनवर "ही बातमी फेक आहे का" एवढंच तपासतो. बरोबरच आहे ते. पण बातमी खरी निघाली की निर्धास्त होतो, तिथे आपण फसतो. ती कुणासाठी लिहिली आहे आणि त्यात काय नाही, हेही बघायला हवं.

असो. सोमवारी क्लायंटला दुसरी मेल टाकली, चूक आमची होती म्हणून. मॅनेजर अजून बोलत नाहीये.